दाढदुखीचा फोटो

आमच्या ऑफिसात कॉफी मशीनच्या वर एक फोटो लावलाय. लावला होता, असं म्हणायला हवं. तीन बाय दोन फुटांचा कॅनव्हास, ब्लॅक अँड व्हाइट. कुडाच्या भिंतीला टेकून बसलेली एक म्हातारी बाई, गालावर हात, नजर कुठेतरी लांब. खाली कॅप्शन : 'मौन'. त्याच्या खाली बारीक अक्षरात फोटोग्राफरचं नाव. म्हणजे अस्मादिकांचं!

एचआरने घेतलेल्या फोटोग्राफी काँटेस्टमध्ये या फोटोला पहिला नंबर मिळाला होता. टाळ्या झाल्या, गिफ्ट व्हाउचर मिळालं, त्यातून मी धरमपेठेत जाऊन नवे बूट घेतले. फोटोची पूर्वकथा तशी फार थोर नाही. चार मित्र पेंचला गेलो होतो. वाघ काही दिसला नाही. एवढी महागाची लेन्स घेऊन रिकाम्या हाताने परत कसं यायचं? म्हणून येताना देवलापारच्या अलीकडे एका वस्तीजवळ गाडी थांबवली, चहा मिळेल का विचारलं, मिळाला. अर्ध्या तासात तीस-चाळीस फोटो काढले आणि रात्री आठला बर्डीवर आलोसुद्धा.

तर झालं असं, की एका सोमवारी मी कॉफी भरून घेत होतो आणि शेजारी अकाउंट्सचा नवीन मुलगा उभा होता. रामटेककडचा, गोंड समाजाचा, दोनच महिन्यांपूर्वी जॉइन झालेला. तो फोटोकडे बघत होता. मी मनातल्या मनात कॉम्प्लिमेंट स्वीकारायची तयारी केली.

"भाऊ," तो म्हणाला, "हे त माही मावशी होय."

मला काय बोलावं सुचेना. सुचलं ते असं : "अरे! किती वेदना आहे रे त्यांच्या चेहऱ्यावर..."

"वेदना त राहीनच ना भाऊ. दाढ दुखत होती तिची. आदल्या रात्रीपासून लवंग धरून बसली होती."

"आणि मौन?"

"मौन? ते त झोपेत बी चूप नाही राहात."

तो हसला. मीही हसलो. मग कप धुताना तो सहज म्हणाला, "सांगत होती ती. शहरातले पोट्टे आले होते, चहा पिऊन गेले, फोटो पाठवतो म्हणाले." आणि गेला आपल्या टेबलावर.

पाठवतो म्हणालो होतो. शंभर टक्के म्हणालो होतो. आपण सगळेच म्हणतो. मी तर त्या घरातल्या कुणाचा नंबरही घेतला नव्हता.

त्या रात्री झोप येईना. मग मी ते केलं जे आपल्या पिढीतला प्रत्येक जण अपराधी वाटल्यावर करतो. माझ्याहून मोठा अपराधी कोण आहे ते शोधायला बसलो! कॅमेरा घेऊन परक्या दारात जायचं, तिथली माणसं टिपायची आणि आपल्या लोकांना नेऊन दाखवायची, हा उद्योग आधी कोणी केला? अर्थातच बऱ्याच जणांनी केला. साहेबांनी केला, लष्करातल्या अधिकाऱ्यांनी केला. पण चिकाटीने, पिढ्यान् पिढ्या, जगाच्या कानाकोपऱ्यात जाऊन कोणी केला असेल, तर तो ख्रिस्ती मिशनऱ्यांनी.

कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठाने जगभरच्या मिशनांचे जुने फोटो एकत्र केलेत. इंटरनॅशनल मिशन फोटोग्राफी अर्काइव्ह त्याचं नाव. आफ्रिका, चीन, भारत, पॅसिफिकमधली बेटं... एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतचा काळ. स्वित्झर्लंडमधल्या बासेल मिशनने तर आपला स्वतंत्र खजिना जपून ठेवलाय. बासेलवाले म्हणजे तेच, ज्यांनी मंगलोरला कौलांचा कारखाना काढला आणि आपल्या आजोळच्या घरावर मंगलोरी कौलं चढली. मी रात्री दोनपर्यंत बघत बसलो.

बघताना पहिली गोष्ट लक्षात आली, ती म्हणजे हे लोक फक्त चर्च आणि पाद्री टिपत नव्हते. जातं टिपत होते. विहिरीवरच्या बाया, आठवड्याचा बाजार, माती मळणारा कुंभार, शाळेतली पाटी, दवाखान्यापुढची रांग. आपण ज्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही ते सगळं. राजे-महाराजे आणि ताजमहाल टिपायला दुसरे होते. रोजच्या जगण्यात कॅमेरा नेला तो बऱ्याच ठिकाणी यांनीच, कारण यांचं कामच रोजच्या जगण्यात होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे, फोटोतलं जवळजवळ कोणीच हसत नाही. याचं कारण साधं आहे हो. सुरुवातीच्या काळात ओली काचेची प्लेट वापरायचे. जागेवरच औषध लावायचं, ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच अंधारात धुवायची. नागपुरात मे महिन्यात तंबूत बसून हे करून बघा म्हणजे कळेल. शिवाय समोरच्याने काही सेकंद हलायचं नाही. तेवढा वेळ हसू टिकवून बघा, आरशासमोर. ते हसू राहत नाही, दात काढणं होतं. १८७० च्या दशकानंतर तयार कोरड्या प्लेटा आल्या, १८८८ मध्ये कोडॅकचा शंभर फोटोंचा रोल भरलेला कॅमेरा आला आणि मामला सोपा झाला. पण तोवर पलीकडच्या माणसाची समजूत होऊन बसली होती, की ही माणसं अशीच. गंभीर, दुःखी, वाट बघणारी. कोणाची? अर्थात आपली!

हे फोटो जात कुठे? मायदेशी. रविवारी संध्याकाळी हॉलमध्ये पडदा लावायचा, मॅजिक लँटर्नमध्ये काचेची चित्रं सरकवायची, कोणीतरी उभं राहून माहिती सांगायची. आपल्याकडेही कल्याणच्या पटवर्धनांनी १८९० च्या दशकात असेच खेळ केले, त्याला नाव होतं शांबरिक खरोलिका. काय भारी नाव आहे! फरक इतकाच, की पटवर्धन आपल्याच लोकांना रामायण-महाभारत दाखवत होते. मिशनवाले आपल्या लोकांना परके लोक दाखवत होते आणि शेवटी झोळी फिरवत होते. लोकांनी द्यावं म्हणून फोटोही तसे लागायचे. एक आवडता प्रकार होता 'आधी आणि नंतर'. आधी धूळमाखलं पोर, नंतर तेच पोर स्वच्छ कपड्यांत, हातात पुस्तक. जिमच्या जाहिरातीत पोटाचे दोन फोटो असतात ना? हुबेहूब तेच.

इथवर वाचून मला बरं वाटायला लागलं होतं. सापडले मोठे अपराधी! पण गोष्ट इतकी सोपी निघाली नाही.

कारण याच मॅजिक लँटर्नने पोटंही भरलीत. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे लागोपाठ दोन भीषण दुष्काळ पडले, आपला मध्य प्रांत त्यात होरपळून निघाला. पहिल्या दुष्काळात पंडिता रमाबाई स्वतः मध्य प्रांतात फिरल्या आणि शेकडो अनाथ मुलींना घेऊन गेल्या. केडगावचं मुक्ती मिशन त्यातून उभं राहिलं आणि या मुलींचे फोटो परदेशातल्या मदत करणाऱ्यांपर्यंत गेले. १९०० साली न्यूयॉर्कच्या 'ख्रिश्चन हेरल्ड' या साप्ताहिकाने भारतातल्या भुकेल्यांचे फोटो छापून निधी गोळा केला आणि 'क्विटो' नावाचं जहाज मका भरून मुंबईला आलं. आता सांगा, त्या हाडाच्या सापळ्यांना कोणी 'फोटो काढू का' असं विचारलं असेल? मला शंका आहे. आणि तो मका ज्याच्या ताटात पडला, त्याला या प्रश्नाचं किती पडलं असेल? त्याचीही शंका आहे.

तिकडे काँगोत तर त्याहून मोठं घडलं. बेल्जियमचा राजा लिओपोल्ड तिथे रबरासाठी माणसं पिळत होता. ॲलिस सीली हॅरिस ही इंग्लंडहून आलेली मिशनरी बाई नवऱ्याबरोबर तिथे राहत होती. १९०४ साली न्साला नावाचा एक माणूस तिच्या दारात आला. हातात पानांत गुंडाळलेलं काहीतरी होतं. उघडलं तर त्याच्या पाच वर्षांच्या मुलीचा तुटलेला हात आणि पाय. रबर कमी भरलं म्हणून गावावर पहारेकरी सोडले होते, त्यांनी ठार केलेल्या लेकराचं तेवढंच उरलं होतं. ॲलिसने त्याला व्हरांड्यात बसवलं आणि फोटो काढला. ओसरीच्या कडेला बसलेला बाप आणि समोर ते दोन छोटे तुकडे. हा फोटो गावोगावच्या मॅजिक लँटर्नवर फिरला, लोक हादरले, ओरड वाढत गेली आणि १९०८ साली लिओपोल्डला आपला खासगी काँगो बेल्जियमच्या सरकारकडे सोपवावा लागला. राजाकडे फौज होती, पैसा होता, वर्तमानपत्रं होती. बाईकडे एक कॅमेरा होता आणि तिथे मुक्काम होता.

मुक्काम. हा शब्द माझ्या डोक्यात अडकला. न्साला अनोळखी माणसाच्या दारात गेला नव्हता. जिथे काही वर्षं राहणारी, ओळखीची बाई होती, तिथे तो गेला होता.

मग मी जरा आपल्या नागपुराकडे वळलो. आपल्याकडे या मंडळींच्या खुणा काय कमी आहेत? सदरचं एसएफएस, म्हणजे सेंट फ्रान्सिस द सेल्स, ते आल्प्सच्या पायथ्याच्या ॲनसी गावाहून आलेल्या फादर लोकांनी उभं केलेलं. आणि सिव्हिल लाइन्समधलं हिस्लॉप कॉलेज. आपल्यातले निम्मे तिथे शिकले, उरलेले निम्मे तिथे कोणाची तरी वाट बघत गेटवर उभे राहिले. पण हा हिस्लॉप कोण, हे विचारलं तर बोंब.

स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये स्कॉटलंडहून नागपुरात आले. तेव्हा इथे भोसल्यांचं राज्य होतं. त्यांनी मराठी शिकली, शाळा काढली, आणि सुट्टी मिळाली की हातोडी घेऊन दगड फोडत फिरले. नागपूरच्या आसपासच्या खडकांवर आणि जीवाश्मांवर त्यांनी लिहिलेलं भूगर्भशास्त्रज्ञ आजही विसरलेले नाहीत. ते कॅमेऱ्याचे नव्हे, वहीचे माणूस. पण वहीत काय टिपलं? गोंडांच्या लिंगोची कथा. परधान गायक जी गातात ती, गोंडीत, जशी ऐकली तशी. म्हणजे आवाजाचा फोटोच म्हणा ना. ४ सप्टेंबर १८६३ ला ते टाकळघाटला जुनी शिळावर्तुळं बघायला गेले होते. टाकळघाट म्हणजे बुटीबोरीजवळ, आपल्यातले कित्येक जण रोज एमआयडीसीच्या बसने त्या बाजूला जातात. परत येताना रात्री पूर आलेल्या नाल्यात ते वाहून गेले. वय ४५. त्यांचे कागद सर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापले. हिस्लॉप कॉलेज ज्या रस्त्यावर आहे तो टेंपल रोड यांच्याच नावाचा. लिंगोची कथा छापील अक्षरात आली ती अशी, एका परक्या माणसाने अठरा वर्षं मुक्काम केला म्हणून.

आणि मग भेटले व्हेरियर एल्विन. यांच्यापाशी मी थांबलो, कारण ही गोष्ट थेट माझीच होती.

एल्विन हे बिशपचे चिरंजीव. ऑक्सफर्डचे हुशार विद्यार्थी. १९२७ साली पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात पाद्री म्हणून आले आणि गांधीजींच्या प्रेमात पडले. वर्ध्याच्या जमनालाल बजाजांनी सुचवलं की गोंडांमध्ये जाऊन काम करा. १९३२ च्या जानेवारीत ते श्यामराव हिवाळे या मराठी ख्रिस्ती मित्राला घेऊन मंडल्याच्या डोंगरात करंजियाला जाऊन राहिले. मातीचं घर, छोटी शाळा, दवाखाना. हा मुलूख नागपूरच्या बिशपांच्या हद्दीत येत होता. बिशप होते ॲलेक्स वूड. त्यांनी एल्विनना सरकारशी निष्ठेची शपथ घ्यायला सांगितली, तरच धर्मकार्याचा परवाना मिळेल म्हणाले. गांधींचा माणूस कसली शपथ घेणार? शिवाय एल्विनना आता गोंडांना ख्रिस्ती करण्यातही रस उरला नव्हता. १९३५ मध्ये त्यांनी पाद्रीपण रीतसर सोडलं. बदलायला आलेला माणूस स्वतःच बदलून बसला. आमच्याकडे म्हणतात ना, गेला होता चून भाकर घेऊन आणि बसला तिथेच जेवायला!

पण कॅमेरा सुटला नाही. उलट तेव्हाच त्याचं खरं काम सुरू झालं. 'द बैगा' १९३९ मध्ये आलं, बस्तरच्या मुरियांवरचं जाडजूड पुस्तक १९४७ मध्ये. त्यातले फोटो बघा. नाचणारी पोरं, केसांत लाकडी फण्या खोवलेल्या मुली, कामात गुंतलेले हात. ही माणसं कोणाची वाट बघत बसलेली नाहीत. त्यांना आपापली कामं आहेत. कारण फोटो काढणारा अर्ध्या तासात निघणार नव्हता. तो उद्याही तिथेच असणार होता, कॅमेऱ्यासकट किंवा कॅमेऱ्याशिवाय.

चला, हिरो सापडला, असं म्हणून मी लॅपटॉप बंद करणार होतो. पण थांबा. एल्विननी 'द बैगा'मध्ये आदिवासींसाठी जणू नॅशनल पार्कच राखून ठेवावं असं सुचवलं होतं. बाहेरचं वारं लागू नये म्हणून. त्यावर प्रचंड टीका झाली. समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये तर त्यांच्या विरोधात ठाम उभे राहिले. पुढे एल्विननीही ती कल्पना मागे घेतली. पण मला कळतं त्यांना तसं का वाटलं असेल. फोटो इतका सुंदर आलेला असतो, की त्यातल्या माणसाने जागचं हलूच नये असं वाटतं. आणि त्यांनी १९४० साली जिच्याशी लग्न केलं, ती राजगोंड मुलगी कोसी? १९४९ मध्ये घटस्फोट झाला. साहेब पुढे ईशान्येकडे गेले, पद्मभूषण झाले, भारताचे नागरिक म्हणून १९६४ मध्ये वारले. कोसी आपल्या मुलखात हलाखीत जगली आणि २०१० मध्ये गेली. म्हणजे मुक्काम केला की सगळे हिशेब चुकते होतात, असंही नाही बरं.

आता या गोष्टीतला मला सगळ्यात आवडलेला भाग. करंजियानंतर एल्विन त्याच डोंगरातल्या पाटनगढ गावात राहत होते. परधान गोंडांचं गाव, म्हणजे हिस्लॉपच्या वहीत ज्यांचं गाणं उतरलं त्या गायकांच्या जमातीचं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला भोपाळच्या भारत भवनच्या लोकांना याच गावात भिंतीवर चित्रं काढणारा एक पोरगा दिसला. जनगढसिंह श्याम. आज ज्याला आपण 'गोंड आर्ट' म्हणतो आणि कुशन कव्हरवर विकत घेतो, ते त्याच्यापासून सुरू झालं. त्याचा पुतण्या भज्जू श्याम, त्याच गावचा. भज्जूला लंडनच्या एका हॉटेलच्या भिंती रंगवायला बोलावलं. दोन महिने तो तिथे राहिला, परत आला आणि २००४ मध्ये त्याचं पुस्तक निघालं, 'द लंडन जंगल बुक'.

त्यात भज्जूने लंडन टिपलंय, स्वतःच्या डोळ्याने. वेळ सांगणारं बिग बेन म्हणजे त्याला कोंबडा वाटला. रोज इमानदारीत परत घेऊन येणारी ३० नंबरची बस म्हणजे कुत्रा. संध्याकाळ झाली की पबमध्ये गोळा होणारे इंग्रज म्हणजे मोहाच्या झाडावर जमणारी वटवाघळं! इंग्लंडहून आलेला पाद्री ज्या गावात कॅमेरा घेऊन बसला, त्याच गावातला माणूस साठ-सत्तर वर्षांनी इंग्लंडला गेला आणि तिथल्या लोकांचं रोजचं जगणं काढून घेऊन आला. याला म्हणतात फिट्टम्फाट. आणि गंमत म्हणजे, त्या चित्रांत कुठेही चिडचिड नाही. कुतूहल आहे, हसू आहे.

मी विचार केला, मावशीने माझा फोटो काढला असता तर मी कसा दिसलो असतो? गळ्यात काळा डबा लटकवलेला, वाघ न मिळालेला बगळा?

पुढच्या रविवारी अकाउंट्सच्या त्या मुलाला म्हटलं, चल, तुझ्या मावशीकडे जाऊ. त्याने एकच विचारलं, "कॅमेरा घेता का?" म्हटलं, ठरलं नाही. "मंग घ्या. ते विचारीन."

मावशीकडे पोचलो. भाच्याने 'जय सेवा' केला, मीही केला. मी फोटोची चांगली प्रिंट काढून फ्रेम करून नेली होती. मनात पंधरा मिनिटांचं माफीचं भाषण तयार होतं. मावशीने फ्रेम हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली आणि म्हणाली,

"अवो बाई! गाल किती सुजला होता."

मग भाच्याकडे वळून, "हे असं लावलं का हापिसात? लोक म्हणत असन, कोणाची म्हातारी आहे, दवाखान्यात त न्या तिले." आणि हसत सुटली. समोरचे दोन दात नव्हते. दाढ केव्हाच काढून टाकली होती, रामटेकला.

माझं भाषण कुठल्या कुठे गेलं. मी एवढंच म्हणालो, "मावशी, पाठवतो म्हणालो होतो आणि पाठवला नाही. चुकलंच."

"आता आणला ना बापा," ती म्हणाली. पण मग जरा गप्प राहिली, पहिल्यांदाच. "तुही वाट नाही पाहिली मी. पण पोरीले सांगितलं होतं, येईन म्हणून." पोरगी सिवनीला दिलेली. आईचा एक चांगला फोटो घरात असावा म्हणून ती मागे लागली होती.

चहाच्या मोबदल्यात मागितलेली गोष्ट फक्त एवढीच होती. काँगो नाही, दुष्काळ नाही. एका लेकीला आईचा फोटो हवा होता आणि तो तीन बाय दोन फुटांच्या कॅनव्हासवर माझ्या कॉफी मशीनच्या वर लटकत होता.

"आता काढतेस का?" मी विचारलं. माझी आजीही अशीच अगंतुगंची होती, त्यामुळे तोंडातून निघून गेलं. मावशीला ते चालून गेलं. ती आत गेली आणि वीस मिनिटं बाहेरच आली नाही. आली ती गर्द निळं लुगडं नेसून, केसांना तेल लावून. कुडाची भिंत तिला नको होती. शेजारी घरकुलाचं पक्कं घर झालंय, त्याच्या गुलाबी भिंतीपुढे बसायचं होतं. मी माझ्या फोटोग्राफीच्या सगळ्या अकलेने सांगितलं, की मातीची भिंत छान दिसते. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी निमूट गुलाबी भिंतीपुढे गेलो. नव्या घराच्या पायरीवर बसली, मांडीवर नातीला घेतलं, दुसऱ्या हातात मोबाईल धरला. "आता काढ." काढला. मग म्हणाली, "दाखव." दाखवला. "दुसरा काढ." असे अकरा झाले. तिने चौथा पसंत केला. तिथल्या तिथे पोरीचा नंबर घेतला आणि तिथे उभं राहूनच पाठवला. रेंज नव्हती, तर हायवेपर्यंत चालत गेलो, पण निळ्या टिका दिसेपर्यंत गाडीत बसलो नाही.

तुम्ही विचाराल, फोटो कसा आलाय? खरं सांगू? फोटोग्राफीच्या हिशेबाने टुकार आहे. गुलाबी भिंत अंगावर येते, ऊन डोक्यावर आलंय, नात हललीय. कुठल्याही काँटेस्टमध्ये पहिल्या फेरीत बाद होईल. पण त्यात बाई आहे ती मावशी आहे. आधीच्या फोटोत होती ती माझी दाढदुखी.

ऑफिसात कॉफी मशीनच्या वर आता हा फोटो आहे. एचआरने थोडी कुरकुर केली, 'मूड' जातो म्हणे भिंतीचा. जाऊ दे. खाली 'मौन'च्या जागी आता मावशीचं नाव आहे, आणि गावाचं. माझं नाव काढायला सांगितलं. बूट मात्र परत करता आले नाहीत, ते घालूनच हिंडतोय.

पावसाळा संपला की तुमचीही टोळी निघेल. पेंच, मेळघाट, नवेगाव, भामरागड. जरूर जा, कॅमेरा घेऊन जा. मी काही तुम्हाला वर्षभर मातीच्या घरात राहायला सांगत नाही. आपल्याला सोमवारी लॉगिन करायचं असतं, याची मला कल्पना आहे. फक्त चहा प्यायलात तर नंबर घेऊन या. आणि पाठवतो म्हणालात, तर पाठवा.

मावशीचं नाव काय, असं विचारणारे मेसेज येतील हे मला माहीत आहे. ऑफिसच्या भिंतीवर लावू का, हे मी तिला विचारलं होतं. मासिकात छापू का, हे विचारायचं राहिलं. पुढच्या रविवारी जातोय, तेव्हा विचारतो.